गॉसहॉकचं किट उघडण्याआधी

टी-४५ गॉसहॉक म्हणजे अमेरिकी नौदलाचं प्रशिक्षणाचं जेट. त्याच्या १/७२ मापाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं किट मी दुसऱ्यांदा आणलंय. पहिलं शेल्फवर आहे, शेपटी टेकून, नाक छताकडे करून. नाकात वजन भरायचं राहिलं, बाकी काही नाही. म्हणून ही यादी. निपर, सुरी, पॉलिश पेपर, चिमटा हे काही लिहीत बसत नाही.

आधी ठरवा की गॉसहॉकच करायचंय. घरात हॉकचं किट पडलंय, तेच पांढरं-नारिंगी रंगवू, असं चालत नाही. हे विमान ब्रिटिश हॉकवरूनच आलं, १९८८ मध्ये पहिल्यांदा उडालं, पण अमेरिकी नौदलाला ते विमानवाहू जहाजावर उतरवायचं होतं. म्हणून पुढच्या पायाला एकाऐवजी दोन चाकं आली, कॅटापल्टमध्ये, म्हणजे जहाजावरून विमान फेकणाऱ्या यंत्रात, अडकणारा दांडा आला, शेपटीखाली डेकवरची तार पकडणारा हुक आला, आणि पोटाखालचा एअरब्रेक जाऊन मागे दोन्ही कुशींना एकेक बसला. (भारतीय नौदलाचे वैमानिकही हॉकवर शिकतात, पण त्या हॉकला हुक नाही.) टी-४५ए करायचं की टी-४५सी, तेही आत्ताच ठरवा. ए मध्ये काट्यांच्या डायल, सी मध्ये स्क्रीन. कॉकपिटची काच बंदच ठेवणार असाल तर एवढा विचार नको.

आता वजन. बॉडीचे दोन अर्धे चिकटवण्याआधी वजन. कॉकपिटच्या नादी लागण्याआधी वजन. सूचनापत्रकात कोपऱ्यात छोटं चित्र होतं, शेजारी ग्रॅमचा आकडा. मी पान उलटून पुढे गेलो. मुख्य चाकं पंखांखाली असतात, त्यांच्या मागे जेटचं नळकांडं, उभी शेपटी, आडवी शेपटी, हुक. पुढे काय, तर पोकळ नाक. त्यातली निम्मी जागा पुढच्या चाकाचा खड्डा खातो, म्हणजे भरायला उरतं थोडंच: नाकाचं टोक, खड्ड्याच्या वरची फट, डायलच्या पॅनलमागे, पुढच्या सीटखाली. जितकं पुढे तितकं कमी वजन पुरतं.

मोजायचं असं: सगळं कोरडंच टेपने जोडा, पंख आणि शेपट्यांसकट. मुख्य चाकं येतात तिथे खालून दोन बोटं लावा. नाक ठामपणे खाली गेलं पाहिजे. जेमतेम गेलं तर अजून भरा, कारण मागचे बारीक भाग आणि रंग अजून चढायचेत. बेअरिंगचे छर्रे उत्तम. शिसं वापरलं तर हात धुवा, आणि ते पांढऱ्या डिंकात बसवू नका. दोघांची रासायनिक क्रिया होऊन शिसं फुगतं, आणि बॉडी सांध्यावर उकलते. इपॉक्सी वापरा. सुटा छर्रा आत राहिला तर विमान जन्मभर खुळखुळेल.

भरलं? परत बोटांवर ठेवून बघा. मगच चिकटवा.

सांधे नीट घासा. पांढऱ्या रंगाखाली सगळं दिसतं, राखाडीखाली निदान लपतं तरी. प्रायमर फिकट घ्या. पांढऱ्याचे पातळ चार हात द्या. मी घाईने दोन जाड दिले आणि पंखाखाली ओघळ आले. पांढरा पूर्ण वाळल्यावर मास्किंग टेप, मग नारिंगी. उलटं केलंत तर नारिंगी झाकताना पांढऱ्याचे थर मोजत बसाल.

डेकलआधी, म्हणजे खुणा-अक्षरांचे स्टिकर लावण्याआधी, चकचकीत वार्निश. शेपटीवरचं अक्षर आणि स्क्वाड्रन जुळतंय का बघा, प्रत्येक नौदल तळाचं अक्षर वेगळं: मेरिडियनचं ए, किंग्जव्हिलचं बी, पेन्साकोलाचं एफ. किटात तिन्ही असतील तर एकाचंच लावा, सरमिसळ नको.

पाय, चाकं, हुक, अँटेना, शेवटी काच. पुढचा पाय सरळ बसवा.

मागच्या वेळी इथवर सगळं छान जमलं होतं. टेबलावर ठेवलं आणि ते हळूच मागे बसलं. आता तिथे शेपटीखाली पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा लावलाय, फोटोत दिसतो. बॉडी अजून बंद केली नसेल तर वजन भरा.