नवं पॉलिशिंग मशीन घेण्याआधी मार्करची एक रेघ मारा

उसाचा सीझन सुरू झाला की सांगलीच्या रस्त्यांवर धूळच धूळ. त्यावर कोरडं फडकं मारलं की गाडीवर बारीक ओरखडे आलेच. घरच्या ड्युअल ॲक्शन पॉलिशिंग मशीनने (यात पॅड गोल फिरतं आणि सोबत डगमगत हलतं) ते निघेनात, की लगेच महागडं मशीन बघायला सुरुवात होते. थांबा, आधी एवढं करा.

१. पॅडमागच्या प्लेटच्या कडेला मार्करने ठळक रेघ मारा.
२. बॉनेटच्या दीड-दोन फुटी तुकड्यावर मशीन चालवा, नजर रेघेवर ठेवा.
३. रेघ एकाच जागी थरथरतेय? म्हणजे पॅड फिरतच नाहीये. दाब कमी करा, पॅड सपाट टेकवा. कंपाऊंडने (ओरखडे घासून काढणाऱ्या पेस्टने) चिकट झालेलं पॅड बदला. ६ ऐवजी ५ इंची पॅड त्याच मापाच्या प्लेटसह लावलं, तर बऱ्याचदा इथेच काम होतं.
४. रेघ फिरतेय, पण ओरखडे तसेच? मशीन ठीक आहे; जरा कडक पॅड किंवा जास्त कटचं, म्हणजे जास्त घासणारं कंपाऊंड घ्या.

हे सगळं करूनही दाराच्या वळणावर पॅड अडत असेल, तर खुशाल नवं घ्या.

फक्त घाईत रोटरी, म्हणजे पॅड नुसतं जागच्या जागी गोल फिरवणारं मशीन घेऊ नका. सवय नसेल तर कडांवरचा रंग बघता बघता जळतो.