हुकूमशाहीचा प्रचार कसा तपासावा

एखाद्या राजवटीचा प्रचार तपासायला बसलेला माणूस बहुधा आधी खोटी विधाने शोधू लागतो आणि तिथेच चुकतो. कारण प्रचारात खरी आणि अर्धसत्य विधानेही भरपूर असतात, आणि त्यांचे खरे बळ प्रत्युत्तर देणारा आवाज उरलेला नसण्यात असते. म्हणून कोण बोलत आहे हे पाहण्याआधी, कोण बोलेनासे झाले याची तारीखवार नोंद करावी. नाझी जर्मनीची अशी नोंद केली, तर चित्र लगेच स्पष्ट होते : ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला, १३ मार्चला गोबेल्सचे प्रचार मंत्रालय स्थापन झाले आणि ४ ऑक्टोबरच्या संपादक कायद्याने पत्रकारिता सरकारी नोंदणीशी बांधून ज्यूंना तिच्यातून बाहेर काढले.

त्यानंतर एकाच दिवसाची निरनिराळी वृत्तपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. बर्लिनमध्ये रोजच्या पत्रकार बैठकीत काय छापावे आणि काय टाळावे याच्या सूचना मिळत. शत्रूसाठी सगळीकडे एकदम तेच विशेषण येऊ लागले, तर तो योगायोग समजू नये.

प्रचार घरात कसा शिरला, हेही पाहावे. ऑगस्ट १९३३ मध्ये आलेला ‘फोक्सएम्फेंगर’ हा ‘जनतेचा रेडिओ’ ७६ मार्कांना मिळे आणि लोक तो हौसेने विकत घेत. त्याच्या ‘व्हीई ३०१’ या मॉडेलच्या नावातला ३०१ हा आकडा ३० जानेवारीचीच (३०-१) आठवण होता. १ सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्रे ऐकणे गुन्हा ठरले, आणि पुढे केंद्र लावायच्या बटणाला ताकीद देणारी छोटी चिठ्ठी अडकवली जाऊ लागली. स्वतःच्या पैशाने आणलेली वस्तू आता धाक दाखवत होती.

माझ्या मते सर्वांत बोलकी खूण मात्र वेगळीच आहे : राजवट लोकांच्या हातून काय करवून घेते, ती. १९५३ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याचे पतन झाल्यावर ‘ग्रेट सोव्हिएत एन्सायक्लोपीडिया’च्या वर्गणीदारांना टपालाने नवी पाने आली. बेरियावरील नोंदीची पाने कात्रीने किंवा ब्लेडने कापून काढावीत, शिवणीजवळची पट्टी ठेवावी आणि तिच्यावर बेरिंग समुद्रासारख्या विषयांची ही पाने चिकटवावीत, अशी सूचना सोबत होती. हातात ब्लेड घेतलेल्या वाचकाला तिथे आधी काय छापले होते ते पक्के ठाऊक होते. त्याचे मत बदलले की नाही, हे कोणी विचारले नव्हते; त्याने पाने कापणे एवढेच अपेक्षित होते. म्हणून एखाद्या घोषणेवर किती जणांचा विश्वास आहे हे मोजण्याऐवजी, विश्वास नसतानाही किती जण ती देतात आणि न देणाऱ्याचे काय होते, हे शोधावे.