डोळ्यावरचं मांस काढलं? मग औषधाच्या या चुका टाळा

मागच्या वेचणीच्या दिवसांत एक बाबा ओपीडीत आले. डाव्या डोळ्यावर वाढलेलं मांस, म्हणजे टेरिजियम, काढून सहा आठवडे झाले होते. टॉर्च मारला तर नाकाच्या बाजूनं बारीक लाल रेघा पुन्हा बुबुळाकडे सरकलेल्या. थेंबांचं विचारलं तर म्हणाले, "डोया पांढरा झाला न साहेब, मंग औषध कायले टाकाव?" आठव्या दिवशी शिशी देवळीत ठेवली, ती तिथंच होती.

आपल्याकडे ही चूक सगळ्यात जास्त होते. डोळा पांढरा दिसला तरी आतली जखम भरत असते आणि त्या भरण्यातच नव्या रक्तवाहिन्या उगवतात. स्टेरॉइडचे थेंब त्यांनाच आवर घालतात. म्हणून ते एकदम बंद करायचे नसतात. दिवसाला चार-सहा वेळांवरून हळूहळू कमी करत साधारण दीड-दोन महिने चालवायचे असतात. मांस परत यायचं असेल तर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच येतं. तेवढे दिवस तरी उन्हात, फवारणीत, थ्रेशरच्या धुळीत चष्म्याशिवाय जाऊ नका. नुसता दुपट्टा बांधून डोळा झाकला जात नाही.

याच्या उलट चूकही होते. डोळा चुरचुरला की मेडिकलमधून तीच शिशी परत आणायची, वर्षभर टाकत राहायचं. स्टेरॉइडनं डोळ्यातला दाब वाढतो, तो दुखत नाही, आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूनं गेलेली नजर कोणालाच परत आणता येत नाही, म्हणून हे थेंब चालू असताना दाब तपासून घ्या.

ऑपरेशन ठरवताना एक गोष्ट विचारा: मांस काढलेल्या जागेवर तुमच्याच डोळ्याची पातळ त्वचा लावणार का? जागा उघडी सोडली तर ते परत येण्याची भीती कितीतरी जास्त असते. काही डॉक्टर ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसीन हे औषध, बहुधा ०.०२ टक्क्याचं, स्पंजनं दोन-तीन मिनिटं लावतात आणि भरपूर पाण्यानं धुतात. ते औषध पेशींची वाढ थांबवतं, पण जास्त झालं तर डोळ्याचा पांढरा भाग पातळ होऊन विरघळू शकतो, कधी कधी वर्षांनंतरही. डोळा दुखला, पांढऱ्यावर निळसर-काळी झाक दिसली तर त्याच दिवशी निघा.

आता काळजीची गोष्ट. डोळ्यावरची प्रत्येक वाढ टेरिजियम नसते. पांढरट खरखरीत किंवा जेलीसारखी, जाड रक्तवाहिनी शिरलेली गाठ कर्करोगाची किंवा त्याच्या आधीची असू शकते. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला का, हे विचारायला लाजू नका. रिपोर्टचा कागद जपून ठेवा.

अशा गाठीला ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर थेंबांची केमोथेरपी देतात, आणि तिथं वेळापत्रकच औषध असतं. ५-फ्लुरोयुरॅसिल १ टक्का असेल तर बहुधा दिवसातून चार वेळा एक आठवडा, मग तीन आठवडे सुट्टी. लवकर बरं व्हावं म्हणून सुट्टीतही थेंब टाकले की बुबुळ सोलवटतं. इंटरफेरॉन हे दुसरं औषध मात्र महिनोनमहिने रोज चालतं आणि त्याला २ ते ८ अंश थंडावा लागतो. मे महिन्यात ४५ अंशांत रांजणाजवळ ठेवून भागत नाही, बर्फाच्या कप्प्यातही चालत नाही. गावात ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, आणि एसटीनं आणताना बर्फाची पिशवी व शिशी यांच्यात कापड घाला.

केमोचे थेंब टाकताना हातमोजे घाला, पापणीला आधी व्हॅसलीन लावा. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा पाच मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. सुनेला दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ही शिशी तिच्या हातात देऊ नका.