जावा सर्व्हरवर जेएमएस क्यू कशी तयार करावी आणि कोडमध्ये कशी इंजेक्ट करावी

दादरमधील एखाद्या नाट्यगृहाचे तिकीट-आरक्षण करणारे ॲप्लिकेशन आपण उदाहरणादाखल घेऊ. रविवारच्या प्रयोगाची विक्री सुरू होताच विनंत्यांची झुंबड उडते, आणि एसएमएस जाईपर्यंत प्रत्येक ग्राहकाला ताटकळत ठेवले तर सर्व्हरचे थ्रेड अडकून पडतात. म्हणून आरक्षणाची नोंद तत्काळ करावी आणि एसएमएसचे काम जेएमएस क्यूकडे, म्हणजे संदेश रांगेत ठेवून नंतर हाताळू देणाऱ्या जावाच्या मेसेजिंग सोयीकडे, सोपवावे.

प्रथम क्यू सर्व्हरवर तयार करावी. ग्लासफिश या जावा सर्व्हरमध्ये ओपनएमक्यू हा ब्रोकर (संदेश साठवून पुढे पोहोचवणारा प्रोग्रॅम) सोबतच येतो. 4848 या पोर्टवरील ॲडमिन कन्सोल उघडून जेएमएस रिसोर्सेसमध्ये नवीन डेस्टिनेशन रिसोर्स नोंदवावा. तेथे जेएनडीआय नाव (सर्व्हरच्या नामसूचीतले नाव) आणि फिजिकल डेस्टिनेशनचे नाव अशी दोन नावे विचारली जातात. पहिले नाव आपला कोड वापरतो, दुसरे ब्रोकर. कोडमध्ये चुकून दुसरे लिहिले तर क्यू असूनही ती सापडत नाही. वाइल्डफ्लाय हा दुसरा जावा सर्व्हर वापरत असल्यास सर्व्हर ‘स्टँडअलोन-फुल’ कॉन्फिगरेशनने सुरू करावा, कारण साध्या ‘स्टँडअलोन’मध्ये मेसेजिंगची सोय नसते. ब्रोकरशी जोडणी करून देणारी कनेक्शन फॅक्टरी मात्र बहुधा वेगळी करावी लागत नाही. 2013 च्या जावा ईई 7 (सर्व्हरवरील जावाचे मानक) पासून ती आयतीच मिळते.

आता इंजेक्शन, म्हणजे कोडमधील फील्ड सर्व्हरकडून भरून घेणे. क्यूच्या फील्डवर ‘रिसोर्स’ हे ॲनोटेशन लावून त्याच्या ‘लुकअप’ गुणधर्मात जेएनडीआय नाव अक्षरशः तसेच लिहावे. येथे ‘नेम’ आणि ‘लुकअप’ यांत गल्लत होऊ देऊ नये: ‘नेम’ हे त्या कंपोनंटच्या स्वतःच्या नामावकाशातले नाव असते, तर ‘लुकअप’ सर्व्हरवर नोंदवलेल्या रिसोर्सकडे थेट बोट दाखवतो. संदेश पाठवण्यासाठी लागणाऱ्या जेएमएस-कॉन्टेक्स्टच्या फील्डवर ‘इंजेक्ट’ पुरेसे आहे. ही फील्ड असलेल्या वर्गाचा ऑब्जेक्ट कंटेनरनेच (सर्व्हरमधील ऑब्जेक्ट सांभाळणाऱ्या भागाने) घडवलेला हवा. ‘न्यू’ वापरून आपण स्वतः ऑब्जेक्ट बनवला तर दोन्ही फील्ड नल राहतात.

संदेश पाठवण्याची कृती एका ओळीची आहे, पण ती जेटीए ट्रान्झॅक्शनमध्ये (सर्व्हरने सांभाळलेल्या, सर्व किंवा काहीच नाही अशा व्यवहारात) घडली तर कमिट होईपर्यंत संदेश स्वीकारणाऱ्या बाजूला पोहोचत नाही. डेटाबेसची जोडणीही एक्सए प्रकारची (एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये इतर रिसोर्ससह सामील होऊ शकणारी) असावी, म्हणजे आरक्षण रद्द झाले तर संदेशही मागे घेतला जातो.

शेवटी संदेश स्वीकारणारा मेसेज-ड्रिव्हन बीन लिहावा आणि त्याच्या ‘डेस्टिनेशन-लुकअप’मध्ये तेच जेएनडीआय नाव द्यावे. प्रक्रियेत अपवाद उद्भवून ट्रान्झॅक्शन मागे फिरले तर ब्रोकर तोच संदेश पुन्हा देतो. म्हणून एसएमएस पाठवण्यापूर्वी त्या आरक्षण क्रमांकाचा एसएमएस आधीच गेला आहे का, हे बीनने अवश्य तपासावे.