मालवाहतूक महाग पडतेय? भाड्याच्या घासाघिशीआधी या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात वाहतूक खर्चाचा विषय निघाला, की चर्चा ट्रान्सपोर्टरच्या दरापाशी येऊन थांबते. चार कोटेशन मागवायची, सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यायचं आणि तो वेळेवर गाडी देत नाही म्हणून पुन्हा शोधाशोध करायची. माझ्या मते दरापेक्षा जास्त पैसा आपल्याच गेटच्या आत गळतो.

रिकाम्या जागेचं भाडं

कुरिअर आणि पार्ट लोडवाले (एकाच गाडीत अनेकांचा माल नेणारे) प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून निघणारं वजन, यांतलं जे जास्त असेल त्याचं बिल लावतात. हवाई कुरिअरचं नेहमीचं सूत्र सोपं आहे: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ६० × ५० × ४० चा खोका घ्या. आत ९ किलोचे स्विचगियरचे भाग असले तरी बिल २४ किलोचं येईल. उंची ३० वर आणली, तर १८ किलोचं. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी घनफुटामागे किती किलो धरायचे, हे प्रत्येक ट्रान्सपोर्टरचं वेगळं असतं. त्यामुळे किलोमागे सारखाच दर देणाऱ्या दोघांची बिलं बरीच वेगळी येऊ शकतात. दर विचारण्याआधी हा आकडा विचारा आणि करारात लिहून घ्या.

घोळ होतो तो बहुतेक वेळा खरेदीत. एकाच मापाचे खोके स्वस्त पडतात म्हणून पर्चेस ते घेतं आणि त्याची भरपाई डिस्पॅच रोज करत राहतं. या दोघांना एका टेबलावर बसवा. इतक्या कमी श्रमात एवढी बचत दुसरीकडे क्वचितच होते.

गेटवर ताटकळणारी गाडी

गाडी सकाळी लागते, माल क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) अडकलेला असतो आणि इनव्हॉइस संध्याकाळी निघतं. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे निदान बिलात दिसतात. न दिसणारं नुकसान मोठं आहे: ड्रायव्हर तुमच्या कंपनीचं नाव ऐकून पुढची फेरी टाळतो आणि ट्रान्सपोर्टर तो त्रास धरूनच दर सांगतो. शिवाय ठाणे-मुंबईत अवजड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते. उशिरा निघालेली गाडी भिवंडीच्या पुढे थांबून राहते आणि न्हावा शेवा बंदरात माल पोहोचवायची शेवटची वेळ (कट-ऑफ) चुकली, तर कंटेनर पुढच्या जहाजावर जातो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. पण तिथे वाचवलेला वेळ गेटवरच घालवणार असाल, तर तो टोल कशासाठी भरायचा?

रोज थोडा थोडा माल पाठवणं हीसुद्धा चूकच. पार्ट लोडमध्ये किमान भाडं ठरलेलं असतं, मग माल कितीही कमी असो. आठवड्यातले दोन वार ठरवले तर बरेच ग्राहक तयार होतात. त्यांना आधी विचारायला हवं, एवढंच.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम. त्या काळात आपल्याकडे रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या गाड्यांची ओढाताण होते. तुम्हाला रीफर लागत असेल, तर दिवाळीच्या सुमारासच बोलणी करून ठेवा.

कागदपत्रं आणि क्लेम

साधारण मालासाठी ई-वे बिल (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) दर २०० किलोमीटरला एक दिवस चालतं. वाटेत गाडी बदलली की त्यात नव्या गाडीचा नंबर भरावा लागतो. गाडी बंद पडली, तर मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून नंतरच्या ८ तासांपर्यंत ती वाढवता येते. ही जबाबदारी कुणाची, हे नावानिशी ठरवा, कारण तपासणीत गाडी अडली तर करपात्र मालावर कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो.

२००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार जादा जोखमीचा दर (ट्रान्सपोर्टरने जास्त भरपाईची जबाबदारी घ्यावी म्हणून दिलेलं वाढीव भाडं) ठरवला नसेल, तर ट्रान्सपोर्टरची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती असते. ८,००० रुपये भाड्याच्या गाडीत ५ लाखांचा माल असेल, तर ८० हजारांवर हिशेब थांबतो. उरलेल्यासाठी ट्रान्झिट विमा हवा. माल फुटला असेल, तर पोहोचपावतीवर तिथल्या तिथे शेरा मारून सही घ्यायला ग्राहकाला सांगा. ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, फोनवरची तक्रार त्यात धरली जात नाही.