एसटी मागायची तर आधी वही भरा

आमच्या फाट्यावरून बाया पहाटे नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला जातात. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. पण सकाळी एसटीच नाही, तर ती सवलत कुणाच्या पदरात पडणार? काळीपिवळी जीपचं भाडं मजुरीतूनच जातं.

नुसतं ‘बस द्या’ म्हणू नका. शंभर पानी वही घ्या आणि सात दिवस पहाटे साडेपाचला फाट्यावर उभे राहा. कोण, कुठे, कशाने गेलं, किती पैसे पडले, सगळं लिहा. आमच्या वहीत तिसऱ्या दिवशी एका आक्कापुढे ‘जीप भरली, परत’ एवढंच आहे. तिचा रोज बुडाला. असे बुडालेले रोज वेगळ्या रकान्यात मांडा, बेरीज करा. साहेबापुढे हाच आकडा बोलतो. शाळेच्या मुली वेगळ्या मोजा, त्यांना पास मोफत असतो.

मग ग्रामसभेचा ठराव. २०११ च्या मानव विकास निर्देशांकात नंदुरबार राज्यात तळाला होता, ही ओळ त्यात घालाच. अर्ज आगार व्यवस्थापकाला, प्रत विभाग नियंत्रकाला, पोच घेऊनच उठा. ‘रस्ता खराब’ म्हणाले तर तसं लेखी मागा. त्याच कागदावर जिल्हा नियोजन समितीकडे रस्ता मागता येतो.