काळ्या मेहंदीने हात सुजला, फोड आले: माझा अनुभव

नणंदेच्या लग्नात, लातूरला, तयार कोनाची 'काळी मेहंदी' काढली. तासाभरात रंग गडद काळा. तिसऱ्या दिवशी नक्षी होती तेवढीच कातडी लाल होऊन फुगली, मग पाण्याचे फोड.

सासूबाईंनी सांगितलं म्हणून लिंबू लावलं, आग झाली. हळद-खोबरेल आणि घरातली नायट्याची जुनी ट्यूबही लावली. पाच रात्री खाजेनं झोप नव्हती.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. कारण निघालं पीपीडी, हेअर डायमधलं रसायन. खऱ्या मेहंदीचा रंग केशरी-तपकिरी असतो आणि हळूहळू चढतो. तासात काळीभोर झाली तर त्यात काहीतरी मिसळलंय.

मग केलं ते असं. आधी घरचे सगळे लेप बंद. साध्या गार पाण्याने हात धुतला, चोळला नाही, टिपून कोरडा केला. माठातल्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं दहा मिनिटं, दिवसातून चारदा. फोड फोडले नाहीत. फडकं काढल्यावर, सकाळ-संध्याकाळ, डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम पातळ लावलं, सांगितलं तेवढेच दिवस. रात्री खाजेची गोळी, तीही त्यांनीच दिलेली. तिसऱ्या दिवशी खाज उतरली, दहाव्या दिवशी कातडी सपाट झाली. डाग मात्र महिनाभर होते.

ही ॲलर्जी सहसा जात नाही, म्हणून पीपीडी असलेला केसांचा डायही आता मला कायमचा वर्ज्य. आणि ओठ-डोळे सुजले किंवा दम लागला, तर यातलं काहीही करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.